द्राक्षबागेवरील पावसाळी आच्छादन

दख्खनच्या पठारावरील द्राक्षशेतीची सारी मांडणी पाऊस टाळण्यावर बेतलेली आहे. थंड देशांत ही वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते व वसंतात आपोआप फुटते. आपल्याकडे तिला अशी विश्रांती मिळत नाही. ती बारमाही हिरवी राहते. म्हणून येथील बागाईतदारांनी वर्षातून छाटण्या दोन आणि पीक मात्र एकच, अशी रीत बसविली. एप्रिलमधील खरड छाटणीने नवी काडी तयार करावयाची, पावसाळाभर ती पक्व होऊ द्यावयाची आणि पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून त्या काडीतून घड काढावयाचा. कोवळी फूट, फुलोरा, मणी धरणे, मण्यांत पाणी उतरणे या साऱ्या नाजूक अवस्था कोरड्या व निरभ्र दिवसांत याव्यात, हा त्या रीतीचा हेतू. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील बागा याच भरवशावर उभ्या राहिल्या.

हा भरवसा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले व त्याचा पाऊस घाटमाथा ओलांडून थेट द्राक्षपट्ट्यात कोसळला. त्या हंगामात केवडा रोगाने घडच्या घड गळून पडले. २०१९ मध्ये ऑक्टोबर सरून नोव्हेंबर उजाडला तरी पाऊस हटला नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसरात पावसाबरोबर गारा पडल्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात छाटलेली बाग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात फुलोऱ्यावर येते, हे ध्यानी घेतले म्हणजे या तारखा बागाईतदाराच्या तोंडचे पाणी का पळवितात ते कळते. छाटणी, फुटीची विरळणी, खते, औषधे व मजुरी यांवरील बराचसा खर्च तोवर होऊन चुकलेला असतो. सोसायटीचे कर्ज उचललेले असते. अशा वेळी तीन दिवसांचे ढगाळ हवामान आणि एका रात्रीचा पाऊस वर्षाचे उत्पन्न नेऊ शकतो.

सटाणा, कळवण, मालेगाव व देवळा या भागांतील आगाप बागांची गोष्ट तर आणखी वेगळी. नाताळच्या सुमारास माल बाजारात यावा व चढा भाव मिळावा म्हणून तेथील बागाईतदार जुलै-ऑगस्टमध्येच, म्हणजे भर पावसाळ्यात, गोडी छाटणी करतात. इतरांच्या दृष्टीने अवकाळी असलेला पाऊस त्यांच्या दृष्टीने ठरलेलाच असतो. वेलीच्या ओळीवर प्लॅस्टिकचे छप्पर घालण्याचा विचार ज्यांना सर्वांत आधी करावा लागतो ते हेच शेतकरी.

पानावरील पाणी

छप्पर नेमके काय करते, हे समजण्यासाठी केवडा कसा पसरतो ते प्रथम पाहिले पाहिजे. केवड्याला पाऊस हवा असतो, असे नुसते म्हणणे अपुरे आहे. त्याला पानावर टिकून राहिलेले पाणी हवे असते. रात्रीच्या अंधारात, हवा अतिशय दमट असताना, रोगट पानाच्या खालच्या अंगास पांढरी लव उगवते. त्या लवेवर सूक्ष्म बीजाणूंच्या पिशव्या लगडलेल्या असतात. वाऱ्याने किंवा पावसाच्या शिंतोड्यांनी त्या शेजारच्या पानावर जाऊन पडतात. पान ओले असेल तर पिशवी फुटून आतील बीजाणू बाहेर येतात आणि पाण्याच्या पातळ थरातून पोहत पानाच्या छिद्रांपर्यंत जाऊन आत शिरतात. तापमान २० ते २५ अंश सेल्सिअसच्या घरात असल्यास एवढ्या प्रवासाला दोन-तीन तासांचा ओलावा पुरतो. पुढे चार ते सात दिवस वरून काहीच दिसत नाही. मग पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळसर डाग उमटतात. डाग दिसला तेव्हा रोग आला असे शेतकरी समजतो. प्रत्यक्षात रोग आठवड्यापूर्वीच आत शिरलेला असतो. फुलोऱ्यातील व नुकते मणी धरलेल्या घडात तो शिरला तर घड तपकिरी होऊन कुजतो व गळतो. यालाच बागाईतदार गळकूज म्हणतात.

पान कोरडे राहिले तर हा प्रवास होत नाही. छप्पर रोगजंतूला मारीत नाही. त्याची वाट तेवढी अडविते. दव पडण्यानेही पाने भिजतात. परंतु छपराखालील पानांतील उष्णता रात्री मोकळ्या आकाशाकडे निघून जात नसल्याने त्यांवर दवही कमी पडते. करप्याचे बीजाणूही पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतात, त्यामुळे त्या रोगासही आळा बसतो.

फवारणी असताना छपराची गरज काय, असा प्रश्न गावोगाव विचारला जातो व तो रास्त आहे. फवारलेले औषध पानावर थर होऊन बसते. जोराचा पाऊस तो थर धुऊन नेतो आणि फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पानावर तर तो थर कधी नव्हताच. पुन्हा फवारावे तर काळ्या जमिनीत चिखल होऊन ट्रॅक्टर आत शिरत नाही. ज्या दिवशी औषधाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच दिवशी ते देता येत नाही. आणखी असे की, त्याच गटातील औषधे वारंवार वापरल्यास रोगजंतू त्यांना दाद देईनासा होतो. तेव्हा प्रश्न फवारणी की छप्पर असा नाही. जेथे पावसाने फवारणीचा हात बांधला जातो तेथे दुसरा उपाय कोणता, असा आहे.

या दोन उपायांचा पूर्वेतिहास पाहण्यासारखा आहे. केवडा मूळचा अमेरिकेतला. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये पोहोचला व तेथील द्राक्षबागा उजाड होऊ लागल्या. बोर्दो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडण्याची पद्धत होती. त्याच वेलींवर केवडा कमी आहे, हे मिलार्डे या शास्त्रज्ञाच्या नजरेस आले आणि १८८५ मध्ये त्याने त्या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. तेच आपले बोर्डो मिश्रण. द्राक्षात अशा रीतीने फवारणी आधी आली. सुपारीत मात्र उलट घडले. उत्तर कानडा व मलनाड भागांतील सुपारीच्या बागांत कोळेरोगापासून घड वाचविण्यासाठी पावसाळ्यापूर्वी माडावर चढून प्रत्येक घडास विरीचे किंवा गवताचे टोपरे बांधण्याची जुनी चाल होती. म्हैसूर संस्थानात काम करणारे कोलमन यांनी १९१० च्या सुमारास तेथे बोर्डो मिश्रणाचा वापर दाखवून दिल्यावर फवारणी रूढ झाली व टोपरी मागे पडली. म्हणजे झाकण हा उपाय आपल्या शेतकऱ्याला परका नाही. कोकणातील आंबा बागाईतदार आज फळाला कागदी पिशवी घालतो आणि थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून नाशिकचा बागाईतदार निर्यातीच्या घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो. अख्ख्या ओळीवर छप्पर घालणे ही त्याच्या पुढची पायरी. इटलीतील पुलिया प्रांतात खाण्याच्या द्राक्षांच्या बागा प्लॅस्टिकखाली घेतल्या जातात आणि जपानमध्ये द्राक्ष व चेरी या दोन्ही फळांसाठी पावसापासून बचाव करणारी छपरे वापरात आहेत.

छप्पर कसे असावे

हे छप्पर म्हणजे हरितगृह नव्हे. हरितगृह चोहोबाजूंनी बंद असते. येथे बाजू पूर्णपणे उघड्या ठेवावयाच्या असतात. वाय आकाराच्या मांडणीतील बाग यास सर्वांत सोयीची, कारण प्रत्येक ओळ सुटी असते. ओळीच्या मधोमध उंच आढे, त्यावरून दोन्ही अंगांस उतरते प्लॅस्टिक, आणि शेजारच्या दोन छपरांमध्ये हवा वर निघून जाण्यापुरती मोकळी फट, असा आराखडा असावा. फट बुजवून सलग छप्पर केले तर उष्णता व दमटपणा आत कोंडतो, प्लॅस्टिकच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब जमतात आणि तेच थेंब पानांवर ठिबकू लागतात. पाऊस अडविण्यासाठी घातलेल्या छपराने स्वतःच पाऊस पाडावा, असा हा प्रकार होतो. मंडप पद्धतीच्या बागेत पानांचा सलग मांडव असल्याने काम अवघड आहे. तेथेही छप्पर ओळीओळीने उंच करून घेतल्यावाचून भागत नाही. सपाट ताणलेल्या प्लॅस्टिकवर पाण्याची डबकी साचून ते फाटते.

पानांचा शेंडा व प्लॅस्टिक यांत हातभर तरी अंतर असावे. टेकलेली पाने दुपारी करपतात व सकाळी ओली राहतात. शेंडा वेळेवर मारला नाही तर हे अंतर पाहता पाहता नाहीसे होते, हे छप्पर घालणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावे. ट्रॅक्टर व फवारणी यंत्र ओळीतून बिनअडथळा जाईल, एवढी कडेची उंचीही हवी.

प्लॅस्टिक बाजारात मिळेल ते घेऊन चालत नाही. साधा पातळ कागद उन्हाने ठिसूळ होतो व वाऱ्याने फाटतो. उन्हातील अतिनील किरणांना टिकेल अशी प्रक्रिया केलेले, विणलेल्या पट्ट्यांचे व दोन्ही बाजूंनी लेप दिलेले कापड घ्यावे. त्याच्या काठांना दुहेरी शिवण व दोरी ओवण्यास कड्या असाव्यात. विक्रेत्याकडून टिकाऊपणाची हमी लेखी घ्यावी. खरेदीपूर्वी हिशेब स्वतः करावा. नऊ फुटी ओळींच्या एक एकर बागेत ओळींची एकूण लांबी ४,८४० फूट भरते. या लांबीस छपराची उतारासह मोजलेली रुंदी गुणली की किती कापड लागेल ते कळते. विक्रेत्याने दिलेला आकडा या आकड्याशी ताडून पाहण्यास दहा मिनिटे पुरतात.

सांगाड्याच्या बाबतीत एक गैरसमज दूर होणे जरूर आहे. छपरावर पावसाचे वजन येते म्हणून खांब मजबूत हवेत, असे समजले जाते. उतार योग्य असेल तर पाणी थांबत नाही आणि वजनही येत नाही. खरा धोका वाऱ्याचा. वारा छपराखाली शिरला की ते शिडासारखे फुगते आणि सांगाडा वर उपसला जातो. म्हणून ओळीच्या दोन्ही टोकांचे खांब जमिनीत खोल गाडलेल्या ताणांनी बांधून काढावेत, आढ्याची तार घट्ट ओढावी व कमानी एकमेकींना जोडाव्यात. प्लॅस्टिक मात्र सांगाड्यास दोऱ्यांनी असे बांधावे की वादळात दोरी तुटावी पण कापड फाटू नये. तुटलेली दोरी संध्याकाळी पुन्हा बांधता येते. लोखंडाची धार जेथे कापडाला घासते तेथे ठिबकची जुनी नळी उभी चिरून बसविली तर कापडाचे आयुष्य वाढते. जुन्या बागेचे खांब व अँगल हा नवा भार सोसतील की नाही, हे जाणकारास दाखवून मगच काम हाती घ्यावे.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते छपरावरून उतरणाऱ्या पाण्याकडे. एक एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी होते. उघड्या बागेत ते सर्व जमिनीवर सारखे पसरते. छपराखालील बागेत त्याचा बहुतेक भाग दोन ओळींमधल्या अरुंद पट्टीत धारा लागून पडतो. तेथे चर नसेल तर पाणी बोदाकडे वळते, मुळ्या गुदमरतात आणि ओळीत चिखल होऊन ट्रॅक्टर अडतो. फवारणीच्या अडचणीतून सुटण्यासाठी केलेला खर्च पुन्हा त्याच अडचणीपाशी आणून सोडतो. मधल्या पट्टीस उताराच्या दिशेने चर काढून ते शेताबाहेरच्या नाल्यास अथवा, सोय असेल तर, शेततळ्यास जोडावेत. नाशिक किंवा सांगलीच्या ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत टँकरच्या पाण्यावर बागा जगविल्या जातात, तेथे हे पाणी वाहून जाऊ देणे परवडणारे नाही.

आता घालावे केव्हा आणि काढावे केव्हा? पाऊस आल्यावर छप्पर घालणे म्हणजे रोगजंतू पानात शिरल्यावर दार लावणे. सांगाडा छाटणीपूर्वी उभा असावा व डोळे फुगून कोवळी फूट दिसू लागण्यापूर्वी प्लॅस्टिक वर चढलेले असावे. एकदा चढविलेले आच्छादन फळ काढणीपर्यंत ठेवणे इष्ट, कारण शेवटच्या महिन्यात दुसरे भय असते. पाणी उतरलेल्या मण्यात साखर भरलेली असते. त्याच्या सालीवर पावसाचे पाणी थांबले तर ते आत शोषले जाते, साल ताणली जाते व मण्यास तडा जातो. तडकलेल्या मण्यातून रस झिरपला की शेजारचे मणी सडू लागतात आणि व्यापारी सौदा मोडतो. दाट घडात हा प्रकार अधिक होतो. छपराने सालीवरचे पाणी टळते. मुळांवाटे एकदम चढणारे पाणी मात्र टळत नाही. म्हणून चर हवेत, आणि काढणीच्या सुमारास ठिबकचे पाणीही सारखे व बेताचे हवे. आधी ताण आणि मग भरपूर पाणी, असे होऊ देऊ नये.

फळ काढणीनंतर मात्र आच्छादन उतरवून ठेवावे. याचे कारण अनेकांच्या ध्यानात येत नाही. पुढील वर्षाचा घड खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतच काडीवरील डोळ्यात सूक्ष्म रूपाने घडत असतो. त्या काळात डोळ्यावर व पानांवर भरपूर सूर्यप्रकाश पडला पाहिजे. प्लॅस्टिक कितीही पारदर्शक असले तरी काही प्रकाश अडवितेच आणि धूळ बसली की आणखी अडविते. खरड छाटणीनंतर छप्पर तसेच ठेवणारा शेतकरी ऑक्टोबरमध्ये फूट येऊनही घड नाही, अशा स्थितीत सापडण्याचा संभव असतो. पावसाळ्यात बोद उघडा राहिल्याने आणखी एक लाभ होतो. ठिबकच्या खारवट पाण्यातून साचलेले क्षार पावसाने धुऊन खाली जातात. कायम छपराखाली असलेल्या बोदास ही धुलाई मिळत नाही. आगाप छाटणीच्या बागांना हा काळ अपुराच मिळतो. तेथे निदान खरड छाटणीपासून जुलैपर्यंत तरी बाग उघडी राहील असे पाहावे, आणि पाण्यातील व मातीतील क्षारांची तपासणी वर्षाआड तरी करून घ्यावी.

२०२५ चा मे महिना या दृष्टीने बोलका आहे. त्या वर्षी मेमध्येच पावसाने ठाण मांडले व मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईस पोहोचला. डोळ्यात घड घडण्याच्या नेमक्या दिवसांत आभाळ झाकलेले राहिले. यावर प्लॅस्टिकचा काहीही उपयोग नाही. जो अभाव प्रकाशाचा आहे तो छपराने भरून निघत नाही, उलट वाढतो. ‘छप्पर घातले की पावसाची चिंता मिटली’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यास हा दाखला द्यावा.

छपराखालील बाग

उघड्या बागेची सवय असलेल्या शेतकऱ्यास छपराखालील बाग थोडी नव्याने शिकावी लागते. केवडा मागे हटतो, पण भुरी पुढे येते. भुरीचे बीजाणू रुजण्यास पानावर पाणी लागत नाही. किंबहुना जोराचा पाऊस त्यांना धुऊन काढतो व कडक ऊन त्यांना मारक ठरते. छपराने पाऊस गेला व उन्हाची धारही बोथट झाली. अशा सावलीच्या, उबदार व दाट पानोऱ्यात भुरीस मोकळे रान मिळते. फुलकिडे व लाल कोळी यांचेही तसेच. पावसाच्या माऱ्याने त्यांची संख्या एरवी आपोआप घटते, ती छपराखाली घटत नाही. म्हणून केवड्याच्या फवारण्या कमी झाल्या या आनंदात बागेकडे पाठ फिरवू नये. काड्यांची गर्दी कमी करावी, बगलफुटी वेळेवर काढाव्यात, घडाभोवतीची पाने विरळ करून हवा खेळती ठेवावी आणि आठवड्यातून दोनदा तरी पाने उलटून, घड हातात घेऊन पाहणी करावी. भुरी पांढऱ्या राखेसारखी मण्यावर दिसू लागल्यावर केलेल्या उपायापेक्षा आधी केलेला गंधकाचा उपाय स्वस्त पडतो. मात्र छपराखाली उष्णता अधिक असल्याने गंधक भर दुपारी फवारू नये. पाने व मणी भाजतात.

निर्यात करणाऱ्याने तर आणखी एका गोष्टीची दखल घेतली पाहिजे. औषध पावसाने धुतले जात नाही, हा छपराचा गुणही आहे आणि दोषही. पाऊस व ऊन दोन्ही कमी लागल्याने औषधाचा अंश मण्यावर अधिक दिवस टिकतो. युरोपातील खरेदीदार हा अंश अत्यंत काटेकोरपणे तपासतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर तेथे अडविले गेले होते. तो धडा बागाईतदार विसरलेले नाहीत. उघड्या बागेसाठी सांगितलेले फवारणी व काढणी यांतील अंतर छपराखाली कमीत कमी समजावे व काढणीपूर्वी नमुना तपासून घ्यावा. याबाबत पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या हंगामी सूचना उपयोगी पडतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या शेतकऱ्यांस वाचून दाखवाव्यात.

खर्चाचा विचार

सांगाडा व प्लॅस्टिक मिळून एकरी खर्च काही लाखांत जातो, तेव्हा या कामात उत्साहापेक्षा हिशेब महत्त्वाचा. सांगाडा अनेक वर्षे टिकतो. कापड मात्र काही हंगामांनी बदलावे लागते. म्हणून दोहोंचा वार्षिक वाटा वेगवेगळा मांडावा. दुसऱ्या बाजूस मागील दहा वर्षांत किती हंगाम पावसाने गेले, किती हंगामांत अर्धे पीक हाती आले, आणि केवड्याच्या औषधांवर व डिझेलवर दरसाल किती खर्च होतो, हे स्वतःच्या वहीवरून काढावे. ज्याच्याकडे वही नाही त्याने छपराआधी वही घ्यावी. आगाप छाटणी करणाऱ्याच्या हिशेबात छप्पर बहुधा बसते, कारण त्याचा पाऊस ठरलेला व त्याचा भाव चढा. ऑक्टोबरअखेर छाटणी करून बेदाण्यासाठी किंवा स्थानिक बाजारासाठी माल काढणाऱ्याच्या हिशेबात ते बसेलच असे नाही.

कर्ज काढून एकाच वर्षी साऱ्या बागेवर आच्छादन घालण्याचा सल्ला कोणत्याही कार्यकर्त्याने देऊ नये. सर्वांत लवकर छाटल्या जाणाऱ्या तुकड्यावरील काही ओळी प्रथम झाकाव्यात व त्याच जातीच्या, त्याच तारखेस छाटलेल्या तेवढ्याच ओळी शेजारी उघड्या ठेवाव्यात. दोन्हीकडील फवारण्या, घडांची संख्या, तडकलेले मणी व आलेला भाव यांची नोंद ठेवावी. गावात असा एक तुकडा असला की दहा सभांचे काम होते. अनुदानाच्या योजना व त्यांच्या अटी वर्षागणिक बदलतात. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चालू वर्षाचा आदेश पाहून, पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी. आधी केलेल्या खरेदीची बिले सहसा धरली जात नाहीत आणि त्यावरून पुढे मनस्ताप होतो. छप्पर आहे म्हणून फळपीक विमा उतरविण्याचे टाळणेही योग्य नाही. मोठ्या गारा प्लॅस्टिक फोडून खाली येतात. गारांसाठी जाळी हा वेगळा उपाय आहे, पण ती पाऊस अडवीत नाही.

उतरविलेले प्लॅस्टिक धुऊन, सावलीत वाळवून, ओळीचा क्रमांक घालून गुंडाळावे व उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी टांगून ठेवावे. निकामी झालेले कापड बांधावर जाळू नये किंवा शेतात गाडू नये. विक्रेत्यानेच ते परत घ्यावे, अशी अट खरेदीच्या वेळीच घातली तर उत्तम. मध्येच फाटलेल्या पट्ट्यांचे चांगले तुकडे मात्र कांदाचाळीच्या पावसाकडील बाजूस पडदा म्हणून किंवा काढणीच्या वेळी क्रेट झाकण्यासाठी आणखी एक-दोन हंगाम सहज उपयोगी पडतात.